जुन्याच गिट्टीचा रस्ता

३ जानेवारी

मशीन आलं एकदाचं. ट्रेलरवरून उतरवण्यात अर्धी सकाळ गेली आणि टाउनशिपचा अख्खा डी-सेक्टर कामधाम सोडून बघायला उभा. शेजारच्या दुबे भाभींनी चहा पाठवला. ऑपरेटरला. मला नाही.

नाना व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले. ‘हे धूड कशाला?’ म्हटलं, नाना, कितीदा सांगू, आहे तो रस्ता आहे तिथेच उकरायचा, दळायचा, सिमेंट-पाणी घालून तिथेच दाबून बसवायचा. नवी गिट्टी नाहीच जवळजवळ. तर म्हणतात, ‘म्हणजे आमचं उष्टं आम्हालाच वाढणार!’

बोलणारच. मूळ रस्ता त्यांनी केलेला. ज्या सिव्हिल सेक्शनमधून ते रिटायर झाले तिथेच मी. सासऱ्याच्या टेबलावर सून बसली, हा ऑफिसातला विनोद अजून चालतो. मला तो कधीच विनोद वाटला नाही.

४ जानेवारी

पुन्हा मोठ्या साहेबांपुढे उभी. (यापुढे मो.सा. लिहीन, त्यांचं पूर्ण नाव लिहायला हात जात नाही.) ‘एक गल्ली दे रहा हूँ. बिगड़ी तो फिर इसका नाम मत लेना.’ बिघडली तर उन्हाळ्यात सगळ्या टाउनशिपवर नेहमीप्रमाणे वरून डांबराचा आणखी एक थर.

त्या थरांनीच तर वाट लावली आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा रस्त्यावरून व्हरांड्यात दोन पायऱ्या चढून यायचो. आता दोन उतरून येतो. घर तेच, रस्ता दर चार-पाच वर्षांनी वर. ऑगस्टात हॉलमध्ये पाणी होतं, नानांची कॉट विटांवर चढवली होती आणि ते वर बसून मला सांगत होते की ड्रेनेजचा उतार चुकलाय. उतार नाही हो चुकला. तुमच्यानंतरच्या सगळ्यांनी वरवर लिंपलंय, आणि त्या सगळ्यांत मी पण आले.

उकरून तेच वापरलं की उंची वाढत नाही. एवढी साधी गोष्ट. एवढ्यासाठी दोन वर्षं फायली फिरवल्या.

५ जानेवारी

गल्ली आठवडाभर बंद राहणार. माणसं चालतील, चाक नाही. नानांना म्हटलं, तेवढे दिवस तुलसी नगरला जा शुभाताईंकडे. सख्खी मुलगी, तळमजला, काही त्रास नाही. तुमच्या छातीचा भरवसा नाही, रात्री-अपरात्री गाडी लागली तर?

‘मी हलणार नाही.’

का?

‘मी इथून एकदा हललो की तुम्ही माझं सामान बांधाल.’

खोटं कसं म्हणू. मागच्या वर्षी नागपूरच्या ऑफिसात जागा निघाली होती. माहेर, आई, सगळं तिथे. नाना हलत नाहीत म्हणून मी सोडली. ते मला सोडत नाहीत आणि मी त्यांना. दोघं एकाच खोलीत कडी लावून बसल्यासारखे आहोत, आणि कडी कोणी लावली ते आता दोघांनाही सांगता येणार नाही.

अविला फोन. नवरा झारखंडात साइटवर. म्हणाला, ‘तू बघ.’ पंधरा वर्षं हेच. तू बघ. बघतेच आहे.

८ जानेवारी

उकरलं. धूळ, धूर, जुन्या डांबराचा वास. सगळ्यांच्या मोटारी मेन रोडवर नेऊन लावायला लावल्या. दुबेजी: ‘मॅडम, रात को शीशा टूटा तो?’ म्हटलं, माझी पण तिथेच आहे.

थर मोजायला गेलं तर मोजता येईनात, एकात एक मिसळलेले. पण तळाची गिट्टी! काळी, टणक, नुकती खाणीतून आल्यासारखी. माझ्याच्याने राहवलं नाही, एक मूठभर घरी आणून नानांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ हातात फिरवली. ‘ह्यासाठी मी ठेकेदाराचे तीन ट्रक परत पाठवले होते,’ म्हणाले. मग सगळी गोष्ट. ऐकलेली आहे, तरी ऐकली.

उष्टं वगैरे काही बोलले नाहीत आज.

१० जानेवारी

दाबून झाला रस्ता. संध्याकाळपर्यंत रोलर. सुपरवायझर सलीमभाई खूश, मी पण. नाना काठी टेकत गेटपर्यंत आले, वाकून टाचेने दाबून बघितलं. ‘पाणी कमी पडू देऊ नकोस. सात दिवस. आणि एक सायकलसुद्धा जाऊ द्यायची नाही.’

म्हटलं, साहेब, तुमचा हुकूम. हसले. मला नवल वाटलं, आम्ही दोघं एका बाजूला आहोत.

गल्लीच्या तोंडाशी ड्रम आणि दोरी. ही गल्ली पुढे बंद, त्यामुळे एकाच टोकाला पहारा. बरं पडलं.

११ जानेवारी

बरं कसलं पडतंय. दुपारी बघते तर स्कूटरच्या चाकाची रेघ, दुबेंच्या गेटापर्यंत. पहारेकरी जेवायला गेला तेवढ्यात त्यांच्या मोठ्या मुलाने दोरी वर करून आणली. गॅसची टाकी होती म्हणे.

मी भडकले. सगळ्यांच्या देखत. ‘दुबे भाभी, नियम सबके लिए एक है. मेरे घर में दिल का मरीज है, फिर भी मेरी गाड़ी बाहर खड़ी है.’ फार बोलले. आवाज चढला की मला थांबता येत नाही, हे अवि सांगतो ते खरं आहे. भाभी आत गेल्या. दार जरा जोरात लागलं.

रेघ सलीमभाईंनी घासून पुसली. तेवढ्याने काही होत नाही.

१२ जानेवारी

नानांच्या पायांवर सूज. बोट दाबलं की खड्डा राहतो. गेले काही दिवस पायमोजे का काढत नव्हते ते आता कळलं. डॉक्टर म्हणाले अ‍ॅडमिट करून टाका. नाना: ‘संक्रांत होऊ दे.’ मी: नाना, आत्ता चला, हळूहळू चालत टोकापर्यंत, तिथून मोटारीने. नाना: ‘सणाला मी इस्पितळात निजणार नाही.’ तासभर वाद. हरले.

संध्याकाळी भोगीच्या भाजीसाठी मागे वालाच्या शेंगा तोडायला गेले. परडी अर्धी झाली आणि हात थांबला.

माझ्या प्लॅनमध्ये लिहिलंय: अडचणीच्या वेळी वाट, मागची सर्व्हिस लेन. नकाशावर आहे ती लेन, चांगली रुंद, टोकापासून टोकापर्यंत. मीच लिहिलं, मो.सा.नी सही केली. आणि मी उभी होते ती त्याच लेनच्या मधोमध, नानांच्या वालाच्या मांडवाखाली! पुढे दुबेंची पपई आणि तारेचं कुंपण. त्यापुढे कोणाची मेथी, कोणाची कोंबड्यांची खुराडी. तोंडाशी वर्मांची पत्र्याची मोटार-शेड, आडवी, दोन्ही अंगांना दारं, कुलूप लावलेली. वर्मा संक्रांतीला ग्वाल्हेरला गेलेत.

रोज संध्याकाळी मी इथे येते. पाणी घालते, शेंगा तोडते. आणि ऑफिसात बसून त्याच जागेवर ‘वाट’ म्हणून लिहून मोकळी झाले. इथे सगळ्यांचंच असं आहे, कागदावरची टाउनशिप वेगळी आणि राहायची वेगळी, पण कागदावरची लिहायचा पगार मला मिळतो.

कोणाला सांगू? सांगितलं तर मो.सा. उद्याच काम बंद म्हणतील. गप्प बसले.

१४ जानेवारी, इस्पितळ

काल लिहिता आलं नाही. आज संक्रांत. व्हरांड्यात बसून लिहितेय, आत नाना ऑक्सिजनवर. बरे आहेत. बरे आहेत असं डॉक्टर म्हणतात.

काल भोगी. नानांनी भाजी दोनदा मागून घेतली, वर लोणचं. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही, मी सोडून दिलं. कामावर परत जायच्या घाईत होते. अडीच-तीनच्या सुमारास नानांजवळ बसणाऱ्या बाईचा फोन, या लवकर. येऊन बघते तर कॉटच्या कडेला बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, श्वास ओढताहेत, आवाज येतोय छातीतून. आडवं करायला गेलं की जास्तच.

अँब्युलन्स पटकन आली आणि ड्रमपाशी थांबली. माझाच पहारेकरी, माझीच दोरी. त्याने अँब्युलन्सलाही सोडलं नाही. ‘मॅडम का ऑर्डर है.’ दुबेंचा मुलगा प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावत आला, म्हणाला, खुर्चीवर बसवून नेऊ, मी आणि ड्रायव्हर उचलतो. नाना तेवढ्यातही म्हणतात कसे, ‘चार जणांनी उचलायची वेळ... अजून आली नाही.’ आणि मग त्यांचे ओठ बघितले मी. निळे.

ओरडले, दोरी सोडा.

गाडी आत आली. आमच्या गेटासमोर थांबली, नानांना ऑक्सिजन लावला, आत चढवलं. गल्ली पुढे बंद, म्हणून ड्रायव्हरने तिथेच मागे-पुढे करून वळवली. चाकं जागच्या जागी घासत होती आणि मी नानांचा हात धरून आत बसले होते आणि मला तो आवाज ऐकू येत होता. काय खरडलं जातंय ते मला बरोबर कळत होतं. लाज वाटते सांगायला, पण त्या वेळी माझं अर्धं लक्ष त्या आवाजाकडे होतं.

दुबेंचा मुलगा नंतर म्हणाला, ‘आंटी, कुर्सी पे ले जाते, दो मिनट का तो रास्ता था.’ नेलं असतं. किंवा ऑक्सिजनचं नळकांडं आत आणवलं असतं. त्या वेळी नाही सुचलं. नियम सबके लिए एक है.

तेच, संध्याकाळी

नाना बोलले. मास्क बाजूला करून पहिला प्रश्न:

‘गाडी कुठून आणलीस?’

मी: मागून.

‘मागून?’

हो. सर्व्हिस लेनमधून.

‘माझा मांडव?’

पाडला.

‘वर्माची शेड?’

उघडली त्यांनी.

‘होता का तो घरी?’

होते ना.

का बोलले असं? डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांना कसलाही धक्का नको, म्हणून. आणि त्या रस्त्याकडे ते कसे वाकून बघत होते ते डोळ्यांसमोर होतं, म्हणून. त्या धापेत गाडी कुठे उभी होती ते त्यांना कळलं नसणार आणि वर्मा गेलेत हे ठाऊक नसणार, असं धरून चालले. नानांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, ‘बरं झालं.’ आणि डोळे मिटले.

शुभाताई तिळगूळ घेऊन आल्या. गोड बोल म्हणाल्या. मला रडू आलं, त्यांना वाटलं नानांसाठी.

१५ जानेवारी

सकाळी गल्लीत गेले. आत येणारी चाकं फारशी लागलेली नाहीत. पण आमच्या गेटासमोर जिथे गाडी वळली तिथे वरचा पापुद्रा उखडलाय, परातभर नाही, चांगला दोन पलंगांएवढा. खालची गिट्टी मोकळी. हाताने उचलली जाते. नानांची काळी गिट्टी.

मो.सा. स्वतः आले. रागावले असते तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाले, ‘आप ही का नियम था.’ मी म्हटलं, सर, माणूस मरत होता. म्हणाले, ‘मैं कहाँ कह रहा हूँ गलत किया?’ मग विचारलं, प्लॅनमधली मागची वाट का नाही वापरली? मी मागे बोट दाखवलं. ते मागे जाऊन बघून आले. बुटाला मेथी चिकटलेली. बूट गेटाच्या कडेला घासून पुसला. त्यांच्या स्वतःच्या बंगल्याच्या मागच्या लेनमध्ये बॅडमिंटनचं कोर्ट आहे, पण ते कोण काढणार.

निकाल असा: आठवड्याचं पाणी पुरं करायचं. मग परवा सकाळी रस्त्याला भोक पाडून आतला नळीसारखा गोल नमुना काढतील, किती भार सोसतो ते दाबून बघतील. दोन ठिकाणी, त्यातलं एक आमच्या गेटासमोर. कच्चा निघाला तर प्रयोग संपला. तोवर एकही चाक नाही.

उखडलेल्यावर ओली पोती पसरली. पाणी तर मारायचंच असतं, पोती टाकतातच. कोणाला वेगळं दिसणार नाही. मला दिसतं.

१६ जानेवारी

डॉक्टर म्हणाले उद्या घरी न्या. पाणी उतरलंय, पण छाती नाजूक, चालायचं नाही, जपायचं, मनस्ताप नको. म्हटलं, आणखी दोन दिवस ठेवा ना. ‘मॅडम, खाट पाहिजे, बाहेर लोक वाट बघताहेत.’

नानांना सांगितलं, उद्या घरी. खूश झाले. मग म्हणाले, ‘मागूनच ने मला. पुढचा अजून कच्चा आहे.’

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पुढून प्लास्टिकच्या खुर्चीवर उचलून नेता आलं असतं, त्याला बंदी नाही. पण पुढून नेलं तर गेटासमोर पोती, आणि हा माणूस पोतं काठीने उचलून बघितल्याशिवाय आत जाणार नाही. तेव्हा मागून. आणि मागून म्हणजे मांडव पाडलेला पाहिजे, पपई नसली पाहिजे, वर्मांची शेड उघडी पाहिजे. एका खोट्यापायी अख्खी लेन मोकळी करायची आली. गेली तीस वर्षं नोटिसा बजावून जे झालं नाही ते.

ऑफिसातून लवकर आले आणि कोयता घेतला. वेल अजून शेंगांनी लगडलेला. नानांनी बांबू तारेने इतके घट्ट बांधलेत की हात सोलले. पाडला. शेंगा जमिनीवर, मी मधे बसले आणि मनसोक्त रडले. कोणी ऐकलं नसेल असं वाटलं होतं.

दुबे भाभी तारेपलीकडे उभ्या होत्या. त्या भांडणापासून बोलत नव्हत्या. ‘ये क्या कर रही हो?’ सांगितलं सगळं. खोटं पण सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘पागल हो.’ मग आत गेल्या. मला वाटलं संपलं. तर पोराला हाक मारून पक्कड आणवली आणि स्वतः तार सोडायला लागल्या. ‘पपीता नर ही था, फल तो देता नहीं था,’ म्हणाल्या. खोटं. त्या पपईचं लोणचं मी खाल्लंय.

संध्याकाळपर्यंत खुराडी हलली, मेथी तुडवली गेली. मेथीवाल्यांनी तोंड वाकडं केलं, पण अडवलं नाही. जमिनीवर जुनी फरसबंदी दिसायला लागली, नकाशात आहे तशी. आता फक्त तोंडाशी शेड.

वर्मांना ग्वाल्हेरला फोन लावला. म्हटलं, भाईसाब, शेड उघडायची आहे, नानांची गाडी येणार, कुलूप तोडू का? ‘अरे तोड़ना क्यों? चाबी है न घर में.’

कोणाच्या घरी?

‘आपके! मैं नानाजी के हाथ में देकर आया हूँ. बोला भी था, दस दिन ग्वालियर में हूँ, कुछ लगे तो खोल लेना.’

फोन ठेवला. मग घरभर शोधलं. त्यांचा ड्रॉवर, चष्म्याची डबी, देवघर, कोटाचे खिसे. नाही. आणि मग आठवलं की नाना किल्ल्या जानव्याला बांधतात. कपाटाची, पेटीची. काल सदरा बदलताना नर्स म्हणाली, हे काढून ठेवा, तर नाना छातीवर हात ठेवून म्हणाले, राहू दे. किती किल्ल्या होत्या मी बघितलं नाही.

म्हणजे मी ‘उघडली त्यांनी’ म्हटलं, तेव्हा ती किल्ली त्यांच्या छातीवर होती. ‘होता का तो घरी?’ असं मला विचारत होते तेव्हाही. आणि तरी बरं झालं म्हणाले. आज पुन्हा म्हणाले, मागूनच ने.

उद्या सकाळी मो.सा. रस्त्याला भोक पाडणार, आणि त्याच वेळी मला नानांना आणायला जायचंय. त्याआधी त्यांच्यापुढे हात करून किल्ली मागायची आहे. काय म्हणून मागू?